उलट्या डोळ्याचं झाड

संक्रांत जवळ आली की माझ्या उजव्या अंगठ्याचं नख बेचैन होतं. कुणाच्या कुंपणात लिंबा-संत्र्याचं रोप दिसलं की ते आपोआप त्याच्या खोडाकडे जातं, हळूच एक ओरखडा काढतं आणि साल सुटते का ते बघतं. सुटली आणि खाली ओलसर हिरवं दिसलं की मी मनात म्हणते, चला, कलमाचे दिवस आले. पांढुर्ण्यात निवृत्त मास्तरीण म्हणून लोक मला मान देतात, पण शेजारणीने एकदा मला रंगेहाथ पकडलंच. "मॅडम, तुमी आमच्या झाडाले चिमटे काहून काढून राहिल्या?" मी काहीतरी थाप मारली. तिला कुठे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याची गोष्ट सांगत बसू?

तो ऐंशीच्या दशकातला हिवाळा. आम्ही सौसरला राहायचो आणि मी त्या वर्षी गणितात नापास होऊन घरी बसले होते. पुन्हा प्रायव्हेट फॉर्म भरला होता, पुस्तक उघडलं की जांभया यायच्या. बाबा तहसीलमध्ये नकलेचं काम करायचे. लोकांच्या जमिनीच्या कागदांच्या नकला. त्यांचं अक्षर असं की माणसं नक्कल हातात घेऊन आधी शेत बघायचं सोडून अक्षर बघत. रेघ सरळ, काना सरळ, खाडाखोड कुठेच नाही. वीस-बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची शेतं अशी सुबक लिहिली आणि मग एक दिवस मोहगावच्या बाजूला दोन एकर जमीन आमच्या नावावर झाली. आमच्या घराण्यात ती पहिलीच. त्या जमिनीची नक्कल बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि आई सांगायची की तेवढी एकच नक्कल त्यांना तीनदा लिहावी लागली.

संत्र्याची बाग लावायची हे तर ठरलेलंच होतं. माझे आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा राखत आले. रखवालदाराने खाली पडलेलं फळ घ्यावं, झाडावरच्याला हात लावू नये, असा रिवाज. त्यामुळे बाबांचं सगळं लहानपण पडलेल्या संत्र्यांवर गेलं, एका बाजूने दबलेल्या, जराशा आंबूस. झाडावरून तोडलेल्या संत्र्याची चव वेगळी लागते हे त्यांना नोकरी लागल्यावर कळलं. हे ते हसत हसत सांगायचे, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

तयार कलमं मिळत होती. ऑफिसातली माणसं म्हणायची, घेऊन या, लावा, मोकळे व्हा. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी जंबेरीचं बी पेरलं. जंबेरी म्हणजे एक आडदांड रानटी लिंबू, त्याचं खोड काटक, मुळं खोल. त्या खोडावर संत्र्याचा डोळा बसवायचा, मग वर संत्र्याचं झाड होतं. विहिरीजवळच्या वाफ्यात जंबेरीची रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली तशी बाबांनी रजा टाकली, हाडाच्या मुठीचा एक छोटा चाकू आणला आणि आईला सांगितलं, "कलमं मीच बांधीन."

"तुमाले येते का?" आई म्हणाली.

"पाहून पाहून आलं. दर इतवारी पाहून राहिलो ना मी."

"मी बी रोज मोटर पाह्यतो. चालवू का मंग?"

आईच्या बोलण्यातला टोमणा बाबांना कधी लागत नसे. ते तिच्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "इकत घेतलेलं झाड दुसऱ्याच्या हातचं असते. माह्या हातचं एक तं असू दे." आईने दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन भाकरी जास्त बांधायला सुरुवात केली.

मी त्यांच्याबरोबर सायकलवर मागे बसून जायची, गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसांनी बस भरून वाहायच्या आणि त्यांची धूळ आमच्या अंगावर यायची. शेतात पोचलं की अजून दहिवर असायचं, वाफ्यातली माती बोटांना बोचायची. बाबा गोणपाट अंथरून त्यावर मांडी घालून बसत, अगदी तहसीलच्या खुर्चीवर बसावं तसे ताठ. बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या संत्र्याच्या काड्या. आणि मग सुरू व्हायचा तो सोहळा. रोपाच्या खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी चीर, तिच्या खाली एक उभी. साल दोन्हीकडून उचलायची. काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून पुढे फांदी फुटायची तो बारीक उंचवटा, पातळ सालीसकट कापून त्या फटीत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सांगायला चार ओळी लागल्या, बाबांना एका रोपाला अर्धा तास लागायचा. चीर इतकी सरळ की पट्टी लावून काढल्यासारखी. काड्या त्यांनी इतक्या स्वच्छ केलेल्या की पानाचा देठसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. आपलं काम बघून ते स्वतःच मान डोलवायचे. मला वाटायचं, याला म्हणतात काम.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फार जीव लावणारा माणूसच करू शकतो. त्यांना राहवेना. कलम बांधल्यावर तीन आठवडे त्याच्याकडे बघायचंसुद्धा नसतं, पण बाबा दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून बघायचे, धरलं का? तिसऱ्या दिवशी पुन्हा. हळूच उघडायचे, फुंकर घालायचे, पुन्हा बांधायचे. एकेका डोळ्याशी बोलायचे. "ये बाप्पा, ये." शंभराच्या वर डोळ्यांना त्यांनी असं रोज उठवलं, रोज निजवलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळे डोळे काळे पडले.

बाबा वाफ्याच्या कडेला बसून राहिले होते. मी तोवर असं समजत होते की मोठ्या माणसांना नापास होता येत नाही, ती सोय फक्त आम्हाला आहे. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघितला आणि मला तो ओळखीचा वाटला, निकाल लागला तेव्हा आरशात मी तो पाहिला होता. मला त्यांचा राग आला. खरंच सांगते, दया नाही आली, राग आला. येत नाही तर का करता? कुणी सांगितलं होतं? रजेचे दिवस संपत आले होते, आणि महिना-दीड महिन्यात ऊन तापलं की साल सुटायची बंद होणार होती. वर्षभर वाढवलेली रोपं पुढच्या हिवाळ्यापर्यंत मनगटाएवढी जाड झाली असती आणि कलमाच्या कामाची राहिली नसती. बाग तर जाणारच होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'माह्या हातचं' हा शब्द बाबांनी पुन्हा कधी काढला नसता.

शेवंताबाईला आईने आणलं. तिगावची ही बाई दर हिवाळ्यात मोहगावला लेकीकडे मुक्कामाला यायची आणि गावोगावच्या वाफ्यांत कलमं बांधायची. वाळकी, काळी, तोंडात तंबाखूचा बार, लुगड्याचा काष्टा घट्ट. तिने वाफ्यात शिरून चार-पाच रोपं बघितली, एक डोळा नखाने उचकटून हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि असं हसली की विहिरीवरची कबुतरं उडाली.

"बाबूजी, तुमी तं डोये उलटे बसवले!"

बाबांना कळेना.

"अवो, देठ काहून काढून टाकले? थो देठच तं सांगते, वरतं कोनतं अन् खालतं कोनतं. देठ खालतं, डोया वरतं. तुमी इतके साफ केले का तुमालेच समजलं नाई."

तहसीलमध्ये ज्या टापटिपीसाठी बाबांचं नाव होतं तीच इथे त्यांना नडली होती. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. बाबा खाली मान घालून म्हणाले, "मंग आता सारं गेलं म्हना."

"जाते कायचं?" शेवंताबाईने एक रोप दोन बोटांत धरून फिरवलं. "इकडून गेलं. इकडची बाजू तं कोरी हाय ना. इकडून बांधू."

किती साधी गोष्ट. रोपाला दुसरी बाजू असते. मी गणिताचं पुस्तक मिटलं आणि उठून तिच्याजवळ जाऊन बसले.

ती बांधताना बघणं म्हणजे काही बघायलाच मिळायचं नाही, इतका हात झपाझप चालायचा. चीर वाकडी असली तरी तिचं काही अडत नसे. बोलणं मात्र अखंड, आणि तेही कलमाबद्दल नाही. लेकीच्या सासूबद्दल, तिगावच्या स्टेशनवर पॅसेंजर किती उशिरा येते याबद्दल. मी एकदा विचारलं, मावशी, तुम्हाला झाडं फार आवडतात ना? तिने तंबाखू थुंकली. "मले काय आवडते! मी तं बांधून राहिली. ज्याचं झाड त्याले आवडो." संत्रं तिला आंबट लागायचं, ती खातसुद्धा नव्हती.

एका रोपावर तिने माझ्या हातात चाकू दिला. मी बांधलं. तिने बघितलं, माझा अंगठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "हिच्या हातात हाय." मला काहीच वाटलं नाही. मला बाग नको होती, मला सौसर सोडून नागपूरला जायचं होतं. पण मी त्या आठवड्यात जेवढी बांधली तेवढी बहुतेक सगळी धरली. बाबा काड्या भिजवून द्यायचे, पट्ट्या कापून द्यायचे आणि माझ्या हाताकडे असे बघायचे की मला चोरी केल्यासारखं व्हायचं. ज्याला हवं त्याच्या हातात नाही, आणि जिच्या हातात आहे तिला नको. ही वाटणी कोण करतं, आणि कशाच्या आधारावर, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे इतकी वर्षं वर्गात उभी राहूनही कळलं नाही. वर्गात तर हे रोजच दिसायचं. चित्रकलेत जीव ओतणाऱ्या पोराचा घोडा गाढवासारखा यायचा आणि शेजारचा कंटाळलेला पोरगा दोन रेघांत घोडा पळवायचा.

कामाच्या शेवटच्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. वाफ्याच्या अगदी कोपऱ्यात, विहिरीच्या दगडाआड, गवतात एक रोप सापडलं. बाबांनी बांधलेलं, आणि मग गवतामुळे विसरलेलं. त्याची पट्टी त्यांनी एकदाही सोडली नव्हती. शेवंताबाईने सोडली. डोळा हिरवागार. उलटा, पण जिवंत.

"हा एक जगला," ती म्हणाली. "पन उलटा हाय. खाली पाहून फुटन, मंग वर वयन. वाकडं झाड होईन. काढून टाकू?"

"नाई, नाई," बाबा इतक्या मोठ्याने म्हणाले की आम्ही दोघी दचकलो. "राहू द्या."

"राहू द्या तं राहू द्या. फय गोडच येईन. अन् याची काडी घेऊन पुढं कलम बांधान, तं थे वाकडं नाई, सरकं येईन. झाडाले आपली चूक याद राहत नाई, बाबूजी."

दुसरी गोष्ट म्हणजे बाबांनी एक ओळ मागून घेतली. एकोणीस रोपं. "ही मी बांधतो. तुमी फक्त पाहा." शेवंताबाईने चाकू पुढे केला आणि गोणपाटावर त्यांच्याशेजारी बसली. देठ खालतं, डोया वरतं. बाबा पुटपुटत होते आणि त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम होता. हात तसाच अवघडलेला, एका रोपाला तसाच अर्धा तास. साल दोनदा फाटली. जीव कितीही असला तरी हात हाताच्याच चालीने चालतो, हे मी त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं. पण एक फरक होता. या वेळी ते चुकलं की थांबत होते, विचारत होते. तहसीलमधला बाबू तिगावच्या मजूर बाईला "हे असं का?" म्हणून विचारत होता, आणि ती "जरा ढिल्लं सोडा, गया नोका आवळू त्याचा" म्हणत होती.

मग तीन आठवडे. बाबा पुन्हा ऑफिसात जाऊ लागले होते, पण सकाळी अंधार सरला की सायकल काढायचेच. शेतात जाऊन त्या ओळीसमोर बसायचे आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायचे. मी स्वतः पाहिलंय. पट्टीला बोटसुद्धा लावत नव्हते. बसायचे, बघायचे, उठून निघून यायचे. माणूस आपल्या जिवापाड गोष्टीला हात लावत नाही तेव्हा त्याला किती कष्ट पडतात! माझ्या मते बाबांनी त्या हिवाळ्यात हेच एक काम शिकून घेतलं, आणि त्यांना ते कुणाच्याही हुन्नराने शिकवलं नव्हतं. ज्या वेडापायी त्यांनी शंभर डोळे मारले, त्याच वेडाने त्यांना गप्प बसायलाही लावलं.

एकविसाव्या दिवशी ते मला म्हणाले, "सुजा, तू पाह्य. माह्यानं होत नाई." शेवंताबाईने खूण सांगून ठेवली होती. डोळ्याखाली ठेवलेल्या देठाला बोट लावायचं. बोट लावताच देठ गळून पडला तर डोळा धरला. देठ वाळून चिकटून राहिला तर मेला. मी पहिल्याला बोट लावलं. चिकटलेला. दुसरा, चिकटलेला. तिसरा, चौथा, पाचवा. बाबा दुसरीकडे तोंड करून विहिरीकडे बघत होते. सहाव्याचा देठ माझं बोट लागताक्षणी टपकन खाली पडला.

"पडला," मी म्हणाले.

"पडला?" ते वळलेच नाहीत. "पडला म्हंजे?"

"धरला, बाबा."

एकोणीसपैकी सहा धरले. माझं पहिलं गणित त्या दिवशी जमलं असं आई म्हणायची, कारण घरी येऊन मी तिला टक्केवारी सांगितली होती. एकतीस पूर्णांक अठ्ठावन्न. तेवढ्याच टक्क्यांवर मी परीक्षेत नापास झाले होते. बाबा मात्र त्या दिवशी पेढे घेऊन आले.

मी त्या वर्षी, रोपांसारखीच, दुसऱ्या बाजूने पास झाले, नागपूरला काही गेले नाही, पुढे पांढुर्ण्यात शिक्षिका झाले. बाग लागली. पाचव्या वर्षी पहिलं फळ आलं. कोणतं झाड शेवंताबाईचं, कोणतं माझं, कोणतं बाबांचं, हे फळाकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं. एक मात्र दुरून ओळखू यायचं. कोपऱ्यातलं ते उलटं झाड बुडाशी कोपरासारखं वाकून मग वर गेलं होतं. पहिलं संत्रं बाबांनी त्याच झाडाचं घेतलं. ते पिकून खाली पडायची वाट त्यांनी बघितली नाही. कात्रीने देठासकट कापलं, हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून उभे राहिले. मग सोलून चौघांत वाटलं, मला, आईला, स्वतःला, आणि एक वाटा झाडाखाली आजोबांच्या नावाने ठेवला.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, शेवंताबाईही गेली. बाग थकली, एकेक झाड काढलं, तिथे आता कापूस होतो. कोपऱ्यातलं वाकडं झाड तेवढं उरलं होतं आणि गेल्या पावसाळ्यानंतर त्याचेही शेंडे वाळायला लागले. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुह्या बापाचं थे शेवटचं."

म्हणून यंदा संक्रांतीनंतर मी त्याच्या हिरव्या राहिलेल्या फांदीवरून काड्या घेतल्या. जंबेरीची बारा रोपं मिळवली. गोणपाट अंथरून बसले आणि चाकू हातात धरला, तर मूठ नीट वळेना. ज्या अंगठ्याला शेवंताबाईने नावाजलं होतं तो आता संधिवाताने सुजलेला. चष्म्यातून एकेक चीर दोन-दोन दिसायची. एका रोपाला अर्धा तास लागला, आणि मला एकदम हसू फुटलं. सतराव्या वर्षी हात होता तेव्हा ओढ नव्हती. आता इतकी ओढ लागली होती की रडू यावं, आणि हात निघून गेला होता. बाबांच्या जागी बसले होते मी, अगदी त्यांच्याच गोणपाटावर म्हणा ना. देठ खालतं, डोया वरतं, असं पुटपुटत बारा बांधले. तीन आठवडे हात मांडीखाली दाबून बसले. चार धरले.

शेवंताबाईचं म्हणणं खरं की खोटं, हे आमच्यापैकी कुणीच कधी तपासलं नव्हतं. वाकड्या झाडाची काडी कोण घेतो? बाबांच्या मनात होतं, राहून गेलं. मला धाकधूक होती की ते कोपरासारखं वळण या चौघांतही उतरेल.

परवा सकाळी शेतात गेले. चारही डोळे फुटले होते. दोन-दोन बोटांचे पोपटी कोंब. मी वाकून, चष्मा पुसून, प्रत्येकाला चारी बाजूंनी बघितलं. आणि मग त्या रिकाम्या शेतात, ऐकायला कुणी नसताना, शेवंताबाईसारखी मोठ्याने ओरडले, "बाबूजी, सरके आले हो! चारही सरके आले!"